दोन किनारे : निवड कोणत्या कसोटीनें करावी?

सहलीस निघालेल्या कुटुंबांत वाद होतात ते बहुधा मोठ्या गोष्टींवरून होत नाहींत. कोठें जावयाचें व किती खर्च करावयाचा, हे प्रश्न वडीलधाऱ्या माणसांनीं घरींच सोडविलेले असतात. खरा वाद उपस्थित होतो तो मुक्कामास पोंचल्यावर, हातीं एकच दिवस उरला असतां व पाहण्याजोगीं ठिकाणें दोन असतां. अलीकडे दिवाळीच्या व नाताळाच्या सुट्टींत महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबें अंदमानास जातात. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ सालीं ज्या सेल्युलर जेलमध्यें आले, त्या जेलचें दर्शन घ्यावें व मग बोटींत बसून स्वराज द्वीप गांठावें, असा त्यांचा क्रम असतो. त्या बेटावर दोन किनाऱ्यांची कीर्ति मोठी आहे : एक राधानगरचा, दुसरा एलिफंट बीच या नांवाचा. दिवस एक, किनारे दोन. मुलें एकीकडे ओढतात, आजी दुसरीकडे पाहते, आणि वडील मंडळी हॉटेलांतील कारकुनास सल्ला विचारूं लागतात.

या प्रश्नाचें उत्तर बहुतेक लोक एकाच मापानें देतात. ‘अधिक सुंदर कोणता?’ एवढेंच ते विचारतात. आमच्या मतें हें मापच चुकीचें आहे. दोन्ही किनारे सुंदर आहेत. परंतु राधानगरचें सौंदर्य पाण्याच्या वर आहे, व एलिफंट बीचचें पाण्याच्या खालीं आहे. विचारावयाचें तें हें कीं, आपल्याबरोबर कोण कोण आहेत, आपणांस पोहतां कितपत येतें, आणि आपल्या जाण्यानें त्या स्थळाचें काय होईल? या कसोटीस लावून पाहतां बहुतेक कुटुंबांनीं, विशेषतः ज्यांच्याबरोबर लहान मुलें व वृद्ध माणसें आहेत त्यांनीं, राधानगरचीच निवड करावी. आणि एलिफंट बीच हा ज्यांनीं त्यासाठीं पूर्वतयारी केली असेल त्यांच्याकरितां राखून ठेवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें पुढें मांडतों.

प्रथम बेटाविषयीं थोडेंसें सांगणें इष्ट आहे. ज्या पोर्ट ब्लेअर शहरास २०२४ सालीं श्रीविजयपुरम् हें नांव मिळालें, त्याच्या ईशान्येस सुमारें ४० किलोमीटरांवर हें बेट आहे. बोटीच्या वेगाप्रमाणें तेथें जाण्यास दीड ते अडीच तास लागतात. १८५७ च्या युद्धांतील इंग्रज सेनापति हेन्री हॅवलॉक याच्या नांवावरून त्यास पूर्वीं हॅवलॉक म्हणत. ३० डिसेंबर २०१८ रोजीं त्याचें स्वराज द्वीप असें नामकरण झालें. देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांस सरकारनें येथें जमिनी देऊन वसविलें. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर हीं गांवांचीं नांवें त्या लोकांचा भक्तिभाव अजून बोलून दाखवितात. भात, नारळ व सुपारी यांवर त्यांनीं संसार उभा केला; आज त्यांच्या मुलानातवंडांपैकीं कित्येकांची उपजीविका प्रवाशांवर चालते. तेव्हां आपण तेथें जातों तें कोणाच्या तरी अंगणांत जातों, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत असावी.

राधानगर बेटाच्या पश्चिम अंगास आहे. धक्क्यापासून तें सुमारें १२ किलोमीटर दूर असून थेट किनाऱ्यापर्यंत पक्की सडक गेलेली आहे. वाळू पांढरी व मऊ, उतार सौम्य, लांबी सुमारें दोन किलोमीटर, आणि मागें समुद्री मोहाच्या उंच झाडांची दाट राई. ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकानें २००४ सालीं यास आशियांतील सर्वोत्कृष्ट किनारा म्हटलें, व २०२० सालीं स्वच्छता व सोयी यांबद्दल दिलें जाणारें ‘ब्लू फ्लॅग’ हें आंतरराष्ट्रीय निशाण त्यास मिळालें. परंतु बक्षिसांपेक्षां त्याचा खरा गुण हा कीं, तेथें घरांतील प्रत्येकास कांहीं ना कांहीं करतां येतें. आजीस सावलींत बसतां येतें, तान्ह्या मुलास वाळूंत खेळतां येतें, थोरल्यांस लाटांत डुंबतां येतें, आणि ज्यास कांहींच करावयाचें नसेल त्यास स्वस्थ राहून समुद्र पाहतां येतो. वाळूवर उमटलेलीं पावलें पुढील भरतीनें पुसून जातात.

सूर्यास्ताविषयीं एक गोष्ट भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. आपल्या देशाची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे, व अंदमान बेटें सुमारें ९३ अंशांवर आहेत. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें तेथील सूर्य आपल्या घड्याळाच्या मानानें सुमारें ४२ मिनिटें आधीं धांवतो. म्हणून डिसेंबर महिन्यांत तेथें पांचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे मुंबईपेक्षां सुमारें तासभर अगोदर. मुंबईच्या संवयीनें सहा वाजतां राधानगरास जाणारा मनुष्य अंधारांत पोंचतो! या हिशेबाचा आपल्या प्रश्नाशीं कसा संबंध येतो, तें पुढें दिसेलच.

राधानगर अगदीं निर्धोक आहे, असें मात्र कोणी समजूं नये. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळांत, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, पश्चिमेच्या लाटा जोराच्या असतात. खाऱ्या पाण्यांतील मगर ही अंदमानच्या खाड्यांची मूळची रहिवासी आहे, आणि २०१० सालीं या किनाऱ्याच्या टोंकाशीं एका परदेशी प्रवासी स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यांत मृत्यु झाला. म्हणून जीवरक्षकांनीं आंखून दिलेल्या मर्यादेंतच पोहावें, खाडीच्या मुखाशीं जाऊं नये, व अंधार पडल्यावर पाण्यांत उतरूं नये. हे नियम साधे आहेत. पांच वर्षांच्या मुलासही ते समजतात व त्याच्या आईबापांसही त्याजवर नजर ठेवतां येते. धोका असणें निराळें व धोका दृष्टीआड असणें निराळें.

आतां एलिफंट बीचकडे वळूं. येथें मोटारीचा रस्ता नाहीं. धक्क्यावरून होडीनें अर्ध्या तासाच्या आंत जातां येतें, किंवा रानांतील पायवाटेनें, चिखल तुडवीत, सुमारें दोन किलोमीटर चालून जावें लागतें. अंदमानांत लांकूडतोडीच्या कामासाठीं मुख्य भूमीवरून हत्ती आणले जात. ते ओंडके ओढीत, व कांहीं तर समुद्रांतून पोहून एका बेटावरून दुसऱ्या बेटास जात. अशा पोहणाऱ्या हत्तींपैकीं शेवटला प्रसिद्ध हत्ती राजन हा याच बेटावर २०१६ सालीं मरण पावला. आज किनाऱ्याच्या नांवाखेरीज तेथें हत्तीचा मागमूस नाहीं. वाळूचा पट्टा अरुंद आहे. परंतु तीरापासून थोड्याच अंतरावर प्रवाळाची बाग सुरू होते, आणि तिच्यासाठींच लोक तेथें जातात. डोळ्यांवर कांचेचा मुखवटा व तोंडांत श्वासनळी धरून पाण्यावर पालथें तरंगलें म्हणजे खालीं एक निराळीच सृष्टि दिसूं लागते : शिंगांसारखीं फांद्यांचीं पोवळीं, मेंदूसारख्या घड्या पडलेले गोल धोंडे, प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे, आणि समुद्रफुलांच्या विषारी बोटांत निर्भयपणें राहणारे चिमुकले विदूषकमासे.

या धोंड्यांस आपण दगड समजतों, आणि सर्व अनर्थ तेथूनच होतो. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे; तो प्राणी आहे. टांचणीच्या डोक्याएवढे, किंवा त्याहून थोडे मोठे, असंख्य मृदु जीव एकत्र राहून समुद्राच्या पाण्यांतील चुन्यानें आपलें घर बांधितात. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करून आपल्या यजमानास देतें, व यजमान त्यास निवारा देतो. प्रवाळाचा रंगही पुष्कळसा या शैवालाचाच असतो. पाणी उन्हाळ्यांतील नेहमींच्या उष्णतेपेक्षां एखाददुसऱ्या अंशानें अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, म्हणजे ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जातें, प्रवाळ पांढरें पडतें, आणि लवकर थंडावा न मिळाल्यास उपासमारीनें मरतें. २०१० सालीं अंदमानच्या समुद्रांत असेंच झालें व पुष्कळ प्रवाळ पांढरें पडलें. त्यापूर्वीं २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानें व त्सुनामीनें या बेटांचे किनारे हालविले होतेच. सारांश, जी बाग आपण पाहावयास जातों ती आजारांतून उठलेल्या माणसासारखी आहे.

आणि ती वाढते किती मंद गतीनें! फांद्यांचें प्रवाळ अनुकूल पाण्यांत वर्षास दहा सेंटिमीटरपर्यंत वाढूं शकतें. परंतु गोल धोंड्यांसारख्या प्रवाळाची वाढ वर्षास सुमारें एक सेंटिमीटर असते. एका वितीएवढा धोंडा तयार होण्यास वीस वर्षें, म्हणजे एका पिढीचें बालपण व तारुण्य लागतें. पोहतां न येणारा मनुष्य घाबरला म्हणजे काय करतो? पाय टेंकावयास जागा शोधतो. ती जागा म्हणजे हाच धोंडा. ओहोटीच्या वेळीं पाणी उथळ असतें, तेव्हां चांगल्या पोहणाऱ्याचेही गुडघे त्यास लागतात. ही चूक दुष्टपणाची नसून असाहाय्यतेची असते; परंतु प्रवाळास तो भेद कळत नाहीं. एका दिवसांत शेंकडों माणसें येत असतील, तर त्यांतील थोड्यांच्याच टांचा पुरेशा होतात.

ही भीति कल्पनेंतील नव्हे. थायलंडमधील माया बे हा लहानसा किनारा एका चित्रपटामुळें जगप्रसिद्ध झाला. ऐन गर्दीच्या काळांत तेथें दररोज सुमारें पांच हजार माणसें येऊं लागलीं. होड्यांच्या नांगरांनीं व माणसांच्या पायांनीं तेथील प्रवाळाचा मोठा भाग नष्ट झाला. अखेर जून २०१८ मध्यें सरकारास तो किनारा बंद करावा लागला, आणि जानेवारी २०२२ मध्यें तो पुन्हा उघडला तो होड्यांस आंत येण्याची मनाई करून व माणसांची संख्या ठरवून देऊन. मधल्या काळांत तेथें प्रवाळाचीं रोपें लावण्यांत आलीं, व शार्क मासेही परत आले. यावरून दोन गोष्टी शिकाव्या. सृष्टीस विसांवा दिला तर ती सांवरते. आणि आपण होऊन संयम राखला नाहीं तर दरवाजा सर्वांसाठींच बंद होतो, शिस्तीनें वागणाऱ्यांसाठीं देखील.

आमच्या मतावर आक्षेप येतील, व त्यांतील दोन विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, वाळू तर आपल्या रत्नागिरी-अलिबागेसही आहे. प्रवाळ पाहण्याची संधि आयुष्यांत एकदांच येते, व तें पाहिल्यावांचून त्याजविषयीं प्रेम कसें उत्पन्न होणार? हें म्हणणें खरें आहे. पुस्तकांतील चित्रापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेलें एक पोवळें अधिक शिकवितें. म्हणूनच एलिफंट बीचवर कोणी जाऊंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घाबरलेल्या मुलाच्या नाकातोंडांत खारें पाणी गेलें, मार्गदर्शकानें त्याचा हात धरून दहा मिनिटें ओढीत नेलें, आणि छायाचित्र काढून परत आणलें, तर त्या मुलानें काय पाहिलें? त्यानें फक्त आपली भीति पाहिली. प्रेम उत्पन्न होण्यास स्वस्थपणा लागतो. तो ज्यास पाण्यांत लाभत नाहीं त्यानें तळास कांच बसविलेल्या होडींतून प्रवाळ पाहावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

दुसरा आक्षेप बेटवासीयांच्या पोटाचा आहे. प्रवासी एलिफंट बीचवर कमी गेले तर होडीवाल्यांनीं काय करावें? हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु होडीवाल्याचें खरें भांडवल होडी नसून तिच्याखालचें प्रवाळ आहे. तें गेलें कीं होडीस विचारणारा कोणी राहणार नाहीं. शिवाय राधानगरास जाणारा मनुष्यही रिक्षा करतो, शहाळें पितो, खाणावळींत जेवतो. त्याचा पैसा त्याच बेटावर राहतो.

कित्येक मंडळी या वादांतून सोपी पळवाट काढतात : सकाळीं एलिफंट बीच, सायंकाळीं राधानगर! कागदावर हा बेत उत्तम दिसतो. परंतु वर सांगितलेला सूर्याचा हिशेब येथें आडवा येतो. होडीची वाट पाहणें, जाणें, पाण्यांतील खेळ, परतणें, कपडे बदलणें, जेवणें, व मग १२ किलोमीटर प्रवास. आणि पांच वाजतां सूर्य मावळावयाचा. परिणाम असा होतो कीं, पहिल्या किनाऱ्यावर दुसऱ्याची घाई, व दुसऱ्यावर पहिल्याचा थकवा. दोन्ही ठिकाणीं गेल्याचें समाधान मिळतें, परंतु एकाही ठिकाणीं राहिल्याचें मिळत नाहीं. ज्यांस दोन दिवस असतील त्यांनीं दोन्ही पाहावे. ज्यांस एकच असेल त्यांनीं एकच पाहावा, व दुसरा न पाहतां परत येण्याचें धैर्य दाखवावें. निवड करणें याचा अर्थच मुळीं कांहीं तरी सोडणें असा आहे. हा धडा शाळेंत सांगून समजत नाहीं. तो अशाच लहान प्रसंगीं मुलें आईबापांपासून शिकतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांस एलिफंट बीचवर जाण्याची मनापासून इच्छा असेल त्यांनीं तयारी आजपासूनच करावी. गांवांत पोहण्याचा तलाव असेल तर तेथें शिक्षकाच्या देखरेखीखालीं पोहावयास शिकावें. पाय न टेंकतां दहा मिनिटें स्वस्थ तरंगतां येईल तोंपर्यंत सराव करावा. कोकणांतील विद्यार्थ्यांस तर फार दूर जावयासही नको. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रांत प्रवाळ आहे, व १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. आपल्या घराजवळची ही ठेव पाहून मग अंदमानास जाणारा विद्यार्थी तेथें अधिक शहाणपणानें वागेल. भरती-ओहोटीची वेळ आधीं विचारून घ्यावी. ती दररोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते, हें समुद्रकांठच्या मुलांस ठाऊकच आहे. पाणी पुरेसें चढलेलें असतांना उतरावें. उन्हापासून रक्षणासाठीं अंगास औषधें फांसण्यापेक्षां लांब बाह्यांचा सदरा घालावा. अशा मलमांतील कांहीं द्रव्यें प्रवाळास बाधतात म्हणून हवाई बेटांनीं २०१८ सालीं त्यांच्या विक्रीविरुद्ध कायदा केला आहे. आणि परततांना शंख किंवा पोवळ्याचा तुकडा खिशांत घालूं नये. आपल्या देशांत २००१ सालापासून प्रवाळास वन्य प्राण्यांच्या कायद्याचें कडक संरक्षण आहे. वाघास मारणें व प्रवाळ उचलणें हे एकाच कायद्याखालील अपराध आहेत.

पालकवर्गास एक नम्र विनंति आहे. सहलीचा बेत ठरवितांना ‘लोक कोठें जातात’ यापेक्षां ‘आपल्या घरांतील सर्वांत अशक्त माणसास कोठें आनंद होईल’ हें आधीं विचारावें. ज्या घरीं आजीच्या गुडघ्यांचा विचार होतो, त्याच घरांतील मुलें पुढें प्रवाळाचाही विचार करूं लागतात. कारण दोहोंच्या मुळाशीं दुसऱ्याच्या दुबळेपणाची जाणीव हा एकच गुण आहे. शुभवर्तमानांत कारभाऱ्याविषयीं जे दृष्टांत आहेत त्यांचें मर्महि हेंच. धन्याची मालमत्ता कारभाऱ्याच्या हातीं असते, ती वापरण्याची त्यास मोकळीक असते. परंतु ती त्याची नसते, व एके दिवशीं हिशेब द्यावाच लागतो. सृष्टीविषयीं आपलें नातें याहून निराळें नाहीं.

तात्पर्य, ज्या कुटुंबाच्या हातीं एकच दिवस आहे त्यानें राधानगरास दुपारींच जावें, राईच्या सावलींत बसावें, जीवरक्षकाच्या निशाणाआंत मनसोक्त पोहावें, आणि पांचच्या सुमारास समुद्रांत बुडणारा सूर्य पाहून माघारें यावें. ज्यास पाण्यावर स्वस्थ तरंगतां येतें, ज्याच्या जवळ पूर्ण दिवस आहे, व ज्यास हात न लावतां पाहण्याची संवय आहे, त्यानें एलिफंट बीचवर खुशाल जावें. तिसरा वर्ग तयारी नसतां केवळ दुसऱ्यांनीं पाहिलें म्हणून जाणारांचा. त्यांनीं तूर्त थांबावें. प्रवाळानें हजारों वर्षें वाट पाहिली आहे. आपणही पोहावयास शिकेपर्यंत एखाददोन वर्षें वाट पाहावयास हरकत नाहीं.